होल्डअप जुळला, म्हणजे नक्की काय जुळलं?

बबल कॉलमच्या सीएफडीवरचे कुठलेही दहा पेपर उघडा. शेवटाकडे एक आकृती हमखास सापडेल. आडव्या अक्षावर त्रिज्या, उभ्या अक्षावर गॅस होल्डअप, काळे ठिपके म्हणजे प्रयोग आणि मधून जाणारी रेघ म्हणजे सिम्युलेशन. खाली एक वाक्य असतं की दोन्हींचा मेळ चांगला आहे. मग निष्कर्षात लिहिलेलं असतं की हे मॉडेल आता रिअॅक्टरच्या डिझाइनसाठी आणि स्केल-अपसाठी वापरता येईल.

तुम्ही सध्या पेटची किंवा गेटची तयारी करत असाल, नाहीतर कोर्सवर्क संपवून विषय शोधत असाल, तर असे पेपर भराभर वाचावे लागतात. त्या आकृतीपाशी आलं की बरं वाटतं, चला, हे जमतंय. आज मला त्या आकृतीबद्दलच तक्रार करायची आहे. ती आकृती खोटी नसते, पण तिच्यावर जेवढं ओझं टाकलं जातं तेवढं ती पेलू शकत नाही. आणि हे लक्षात न आल्यामुळे अख्ख्या पीएचड्या अशा प्रश्नावर खर्च होतात ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आधी थोडी ओळख, ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी. बबल कॉलम म्हणजे द्रव भरलेली उभी नळी. तळाशी स्पार्जर, म्हणजे भोकांची जाळी, त्यातून वायू सोडायचा. फिरतं पातं नाही, मोटर नाही, बुडबुडे वर जातात आणि द्रव ढवळतात. एवढं साधं दिसतं म्हणून फसायला होतं. फर्मेंटेशन, ऑक्सिडेशन, हायड्रोजनेशन, सगळीकडे हे वापरतात. दक्षिण आफ्रिकेत सासोलने १९९३ साली सासोलबर्गला फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेसाठी ५ मीटर व्यासाचा स्लरी बबल कॉलम चालू केला. हा ५ मीटरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक हिशोब कागदावर करून बघा. वायूचा सुपरफिशिअल वेग म्हणजे वायूचा प्रवाह भागिले कॉलमचं रिकामं क्षेत्रफळ. समजा तो सेकंदाला ४.९ मिलिमीटर आहे. पाण्यात हवेचा काही मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण २० ते २५ सेंटिमीटर वेगाने चढतो. वायूला वर जायला लागणारा वेळ या वेगावर अवलंबून, म्हणून होल्डअप अंदाजे ०.००४९ भागिले ०.२५, म्हणजे २ टक्के. मधला द्रव स्वतःही वर जात असतो, त्यामुळे बुडबुडे जरा लवकर सुटतात आणि आकडा थोडा खाली येतो. झालं. नेव्हियर-स्टोक्स नाही, के-एप्सिलॉन नाही, क्लस्टरवर तीन आठवडे रांग नाही. बारावीच्या गणितात आपण सरासरी होल्डअपच्या जवळ पोचलो.

मग सिम्युलेशनने २ टक्क्यांच्या आसपासचा सरासरी होल्डअप दिला तर त्याने काय सिद्ध केलं? एवढंच, की ड्रॅगचा नियम बुडबुड्याला बरोबर वेगाने वर नेतो. टर्ब्युलन्सबद्दल काहीही नाही.

यात अजून एक गंमत आहे, आणि ती पेपरमध्ये कोणी मोठ्याने सांगत नाही. पाण्यात हवेच्या बुडबुड्याचा चढण्याचा वेग ३ मिलिमीटरपासून ७-८ मिलिमीटरपर्यंत फारसा बदलत नाही. बुडबुडा मोठा होतो तसा चपटा होतो, डगमगतो, ड्रॅग वाढतो आणि वेग तिथेच राहतो. म्हणजे सिम्युलेशनमध्ये बुडबुड्याचा व्यास ३ धरा की ६ धरा, होल्डअप जवळपास तोच येणार. पण रिअॅक्टरला होल्डअपपेक्षा महत्त्वाचं असतं ते वायू-द्रव संपर्काचं क्षेत्रफळ. ते सहा गुणिले होल्डअप भागिले व्यास. २ टक्के होल्डअपला ३ मिलिमीटरचे बुडबुडे घनमीटरमागे ४० चौरस मीटर देतात, ६ मिलिमीटरचे फक्त २०. ऑक्सिजन विरघळण्याचा दर निम्मा! आणि आकृतीत दोन्ही रेघा त्याच काळ्या ठिपक्यांवरून जातात. व्यास चुकला तरी 'चांगला मेळ' शाबूत राहतो. फर्मेंटरमधल्या जंतूंना मात्र फरक कळतो.

बरं, कुणी म्हणेल की सरासरी होल्डअप सोडा, आम्ही तर वेगाचा आलेखही जुळवतो. मध्ये द्रव वर, भिंतीपाशी खाली, तो ओळखीचा वक्र. इथे मला तुम्हाला थोडं मागे, १९७९ सालात न्यायचंय. त्या वर्षी या विषयात दोन कामं आली आणि दोन्ही मला आजही ताजी वाटतात.

पहिलं उएयामा आणि मियाउची यांचं. त्यांनी कॉलमच्या आडव्या छेदावर एकमितीय बलांचा समतोल मांडला. मध्ये वायू जास्त, भिंतीपाशी कमी. म्हणजे मधला मिश्र द्रव हलका, कडेचा जड. या वजनाच्या फरकातून शिअर स्ट्रेस येतो. नीट बघा: होल्डअपचा आलेख एकदा दिला की शिअर स्ट्रेसचा आलेख निव्वळ इंटिग्रेशनने मिळतो, त्यात टर्ब्युलन्सचं मॉडेल कुठेच लागत नाही. त्या स्ट्रेसवरून वेग काढायला टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी हवी, तो एक आकडा. तो मोजमापाशी जुळवून घेतला की वेगाचा वक्र बऱ्यापैकी बसतो. एक आकडा! आता आजचं मोठं सिम्युलेशन घ्या, त्यात ड्रॅग, लिफ्ट, टर्ब्युलंट डिस्पर्शन, बुडबुड्याचा व्यास, बुडबुड्यांमुळे होणारा टर्ब्युलन्स, असे पाच खुंटे आहेत पिळायला. जो वक्र एका खुंट्याने बसतो तो पाच खुंट्यांनी बसला, याचं कौतुक किती करायचं?

दुसरं काम आपल्या माटुंग्याचं. जे. बी. जोशी आणि एम. एम. शर्मा, तेव्हाची यूडीसीटी, आताची आयसीटी. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला: वायूने आणलेल्या ऊर्जेतली किती ऊर्जा द्रव फिरवायला उरते? वायू वर जाताना दर किलो द्रवामागे गुरुत्वत्वरण गुणिले सुपरफिशिअल वेग एवढी शक्ती देतो. सेकंदाला ४.९ मिलिमीटरला हा आकडा किलोमागे ०.०५ वॉटच्या आसपास. बुडबुडे सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर ही सगळी शक्ती प्रत्येक बुडबुड्याच्या मागच्या शेपटीत, म्हणजे वेकमध्ये, जागच्या जागी संपते. मोठं अभिसरण होतच नाही. वायू असमान पसरला की काही शक्ती शिल्लक राहते आणि तीच द्रवाला फिरवते. त्यांच्या मॉडेलमध्ये अभिसरणाचा वेग या शिल्लक शक्ती आणि व्यासाच्या गुणाकाराच्या घनमुळाप्रमाणे वाढतो, आणि कॉलममध्ये व्यासाएवढ्या उंचीचे भोवरे एकावर एक रचलेले असतात.

या रचलेल्या भोवऱ्यांवर नंतर बराच वाद झाला. १९९० साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दुदुकोविच यांच्या गटाने द्रवात एक किरणोत्सारी कण सोडून त्याचा मार्ग तासन्तास मोजला. सरासरी काढली तर उंचीभर पसरलेला एकच मोठा फेरा दिसला, मध्ये वर आणि कडेने खाली. मग भोवरे खोटे का? १९९४ साली चेन, रीस आणि फॅन यांनी ओहायोत कॅमेऱ्याने क्षणोक्षणीचा प्रवाह पाहिला तेव्हा मध्ये नागमोडी चढणारा झोत, त्याच्याभोवती सर्पिल फिरणारे भोवरे आणि भिंतीपाशी उतरणारा द्रव असं चित्र निघालं. भोवरे होते, पण हलते होते, जन्मत आणि विरत होते. सरासरी काढली की ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे तो गुळगुळीत वक्र उरतो.

माझा सगळा आक्षेप इथून सुरू होतो. आपण ज्या वक्राशी मॉडेल ताडून बघतो तो वक्र म्हणजे प्रवाहातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. लोकलच्या गर्दीची दिवसभराची सरासरी काढली आणि म्हटलं की डब्यात माणशी बऱ्यापैकी जागा असते, तसं काहीसं.

आता ज्या पेपरबद्दल मला सविस्तर बोलायचंय तो घेऊ. डीन, सोलबर्ग आणि हिअर्टागर यांचा २००१ सालचा, केमिकल इंजिनिअरिंग सायन्समधला. तुम्ही या विषयात आलात तर पहिल्या महिन्यात हा हातात पडेलच. १५ बाय १५ सेंटिमीटरचा चौकोनी कॉलम, ४५ सेंटिमीटर पाणी, तळाच्या मधल्या भागात ४९ भोकांची जाळी, सुपरफिशिअल वेग सेकंदाला ४.९ मिलिमीटर. (वरचा हिशोब मी याच आकड्याचा का केला ते आता कळलं असेल.) मोजमाप पीआयव्हीने, सिम्युलेशन दोन तऱ्हेचं: के-एप्सिलॉन आणि लार्ज एडी सिम्युलेशन, म्हणजे एलईएस.

पेपर चांगला आहे, हे आधीच सांगतो. यात जे दाखवलंय ते स्वच्छ दाखवलंय: के-एप्सिलॉनमध्ये झोताचं फक्त संथ डोलणं उरतं, तर एलईएसमध्ये मोजमापात दिसणाऱ्या वेगवान हालचालीही येतात. लिफ्ट काढून टाकली तर झोत आडवा पसरतच नाही. व्हर्च्युअल मासचा परिणाम किरकोळ. आणि केवळ सरासरीवर न थांबता त्यांनी वेगातले चढउतारही ताडून बघितले. नंतरच्या किती पेपरांनी एवढं केलं, ते तुम्हीच मोजा.

प्रॉब्लेम पेपरचा कमी आणि त्याच्या प्रसिद्धीचा जास्त. हा कॉलम पुढे बेंचमार्क बनला. नवीन मॉडेल आलं की याच्यावर चालवायचं, काळे ठिपके तेच, रेघ नवी. इतक्या वेळा इतक्या जणांनी ताडलेल्या एकाच अवस्थेशी जुळणं ही हळूहळू परीक्षा राहत नाही, पेपर फुटल्यासारखं होतं. कुठला लिफ्ट गुणांक 'चालतो', किती सेलची जाळी 'बरी', हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

त्यातल्या एलईएस या शब्दाकडेही जरा संशयाने बघा. ऑयलर-ऑयलर पद्धतीत बुडबुडे वेगवेगळे दिसत नाहीत, प्रत्येक सेलमध्ये वायूचा वाटा तेवढा असतो. त्यामुळे सेल बुडबुड्यापेक्षा मोठी हवी. मिलेल्ली यांनी झुरिकच्या ईटीएचमधल्या प्रबंधात नियम दिला: सेलची बाजू बुडबुड्याच्या व्यासाच्या किमान दीडपट. ४ मिलिमीटरच्या बुडबुड्याला ६ मिलिमीटरची सेल. १५ सेंटिमीटरच्या रुंदीत अशा सेल बसतात २५. याउलट किलोमागे ०.०५ वॉट शक्ती पाण्यात संपत असेल तर सगळ्यात लहान भोवऱ्याचा आकार, कोल्मोगोरोव्हचा, ०.०७ मिलिमीटरच्या आसपास येतो. ६ मिलिमीटर आणि ०.०७ मिलिमीटर यांच्यामधलं सगळं जग स्मॅगोरिन्स्कीच्या एका स्थिरांकावर सोपवलेलं आहे.

हेही चालून गेलं असतं. साध्या प्रवाहातल्या एलईएसमध्ये असंच सोपवतात. पण तिथे एक आधार असतो: ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांतून येते आणि पायरीपायरीने लहानांकडे उतरते, स्पेक्ट्रमचा उतार उणे पाच तृतीयांश. स्मॅगोरिन्स्कीचा स्थिरांक त्याच उतारावरून निघतो. बुडबुड्यांच्या प्रवाहात ऊर्जेचा मोठा हिस्सा थेट बुडबुड्याच्या वेकमध्ये, म्हणजे ४ मिलिमीटरच्या पट्टीवर शिरतो. सेलच्या आत! वरून खाली उतरण्याचा प्रश्नच नाही, ती आधीच खाली आहे. लान्स आणि बाताय यांनी १९९१ साली जाळीमागच्या प्रवाहात बुडबुडे सोडून मोजलं तेव्हा बुडबुड्यांच्या वाट्याच्या टर्ब्युलन्सचा उतार उणे आठ तृतीयांश आला, पाच नव्हे. दिसायला छोटा फरक, पण त्याचा अर्थ असा की ज्या पायावर स्थिरांक उभा आहे तो पायाच इथे नाही.

मग एलईएस तरीही इतकं चांगलं का जुळलं? माझं वाचन असं: त्या कॉलममधली मुख्य हालचाल म्हणजे अख्ख्या झोताचं डोलणं आणि वळवळणं. तिची पट्टी काही सेंटिमीटरची, कारण उत्प्लावकता. २५ सेलमध्ये ती मावते. के-एप्सिलॉनची टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी तिला काकवीसारखी दाबून टाकते, एलईएसची दाबत नाही. म्हणजे एलईएस जिंकलं ते टर्ब्युलन्स बरोबर पकडल्यामुळे नाही, तर जाड व्हिस्कॉसिटी न घातल्यामुळे. या दोन वाक्यांत फार अंतर आहे, आणि 'एलईएस बबल कॉलमचा टर्ब्युलन्स पकडतं' असं लिहिणारे ते अंतर गाळून टाकतात.

याला आधीचा पुरावाही आहे. सोकोलिखिन आणि आयगेनबर्गर यांनी १९९९ साली चपट्या कॉलमवर दाखवलं की द्विमितीय के-एप्सिलॉन व्हिस्कॉसिटी इतकी वाढवून ठेवतं की प्रवाह स्थिरच होऊन बसतो, प्रयोगात तो डोलत असताना. तेच के-एप्सिलॉन त्रिमितीय केलं की डोलणं परत येतं. दोष मॉडेलचा की मितीचा की दोन्हींच्या जोडीचा, हे त्यांनी वेगवेगळं करून पाहिलं. मला विचाराल तर नवख्याने पहिल्यांदा हा पेपर वाचावा, डीनचा नंतर.

मितीवरून आठवलं. एकांबरा, धोत्रे आणि जोशी यांनी २००५ साली, पुन्हा माटुंग्यातूनच, एकमितीय, द्विमितीय आणि त्रिमितीय अशी तिन्ही मॉडेल शेजारी शेजारी ठेवली. द्रवाचा सरासरी वेग आणि होल्डअप तिन्हींनी बरा दिला. एडी डिफ्युझिव्हिटी, म्हणजे टर्ब्युलन्स पदार्थ किती पसरवतो तो आकडा, प्रयोगाच्या जवळ फक्त त्रिमितीय मॉडेलने दिला. हा निकाल नीट चावून खा. एकमितीय मॉडेलमध्ये भोवरा नाही, डोलणं नाही, काळही नाही. तरी होल्डअप आणि वेगाची आकृती जुळते. म्हणजे ती आकृती खरं मॉडेल आणि अर्धं मॉडेल यांत फरकच करू शकत नाही. ज्या परीक्षेत सगळेच पास होतात तिची मार्कशीट घरी नेऊन काय उपयोग? आणि हे २००५ साली छापून आलंय, तरी आजही तीच आकृती व्हॅलिडेशन म्हणून पुढे येते.

लिफ्टबद्दल थोडक्यात. लहान बुडबुडे भिंतीकडे जातात, मोठे मध्याकडे; तोमियामा आणि सहकाऱ्यांच्या २००२ सालच्या सूत्राप्रमाणे हवा-पाण्यात चिन्ह साधारण ५.८ मिलिमीटरला उलटतं. हा आकडा सगळीकडे वेदवाक्यासारखा येतो. मूळ प्रयोग ग्लिसरिन मिसळलेल्या, पाण्यापेक्षा बऱ्याच चिकट द्रवात, साध्या शिअर प्रवाहात, एकेकट्या बुडबुड्यावर झालेले. तिथून नळाच्या पाण्यातल्या गर्दीपर्यंत आपण उडी मारतो. उडी मारू नये असं नाही, पण उडी आहे एवढं तरी लिहावं. त्यात कोणी ४ मिलिमीटरला ०.५ वापरतो, कोणी तोमियामाचं सूत्र, कोणी शून्य, आणि सगळ्यांचा मेळ चांगलाच!

'ग्रिड इंडिपेंडन्स'चं कलमही असंच. जाळी बारीक करत जा, उत्तर बदलायचं थांबलं की झालं, हे आपण कोर्सवर्कमध्ये शिकतो. इथे मिलेल्लीचा नियम सांगतो की बुडबुड्याच्या दीडपटीखाली जाऊच नका. दोन्ही एकाच पेपरात, कधी एकाच पानावर असतात, आणि लेखक दोन्हींवर टिकमार्क करून पुढे जातो. जिथे बारीक करायलाच मनाई आहे तिथे 'बारीक केल्याने फरक पडत नाही' हे कसं तपासलं, असा प्रश्न व्हायवात कोणी विचारला तर काय सांगाल, याचा आत्ताच विचार करून ठेवा.

आता तो ५ मीटरचा आकडा. 'स्केल-अपसाठी उपयुक्त' या शब्दांचा अर्थ तिथे तपासायचा. विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली सांगितलं की व्यास १५ सेंटिमीटरच्या वर, उंची व्यासाच्या ५ पटीहून जास्त आणि स्पार्जरची भोकं १-२ मिलिमीटरहून मोठी असतील तर होल्डअप कॉलमच्या आकारावर अवलंबून राहत नाही. चांगली कसोटी आहे. पण डीनचा कॉलम बघा: रुंदी बरोबर उंबरठ्यावर १५, उंची रुंदीच्या फक्त ३ पट. त्यांनी तो स्केल-अपसाठी बांधलाच नव्हता, पीआयव्हीला दिसावं म्हणून बांधला होता, त्यामुळे त्यांना दोष नाही. दोष त्यावरून ५ मीटरच्या गप्पा मारणाऱ्यांना.

शिवाय विल्किन्सनची कसोटी होल्डअपपुरती आहे. मिश्रणाचं तसं नाही. बेअर्ड आणि राइस यांच्या १९७५ सालच्या संबंधात अक्षीय डिस्पर्शन व्यासाच्या चार तृतीयांश घाताप्रमाणे वाढतं. १५ सेंटिमीटरवरून ५ मीटरवर गेलं की हे सुमारे १०० पट होतं, वायूचा वेग तोच ठेवून. होल्डअप तसाच, मिश्रण १०० पट! प्रयोगशाळेत जो कॉलम नळीसारखा वागत होता तो कारखान्यात ढवळलेल्या पातेल्यासारखा वागतो. कन्व्हर्जन बदलतं, तापमान बदलतं. डिझाइनरला नेमकं हेच हवं असतं आणि होल्डअपची आकृती याबद्दल मौन पाळते.

आणि अवस्थाही वेगळी. सेकंदाला ४.९ मिलिमीटरला बुडबुडे सुटे, एकसारखे असतात. हवा-पाण्यात काही सेंटिमीटर प्रति सेकंदाच्या पुढे ते एकत्र येऊ लागतात, मोठे बुडबुडे झपकन वर निघतात, मागे लहानांना ओढतात. कारखान्यातले मोठे कॉलम बहुधा या घुसळणीच्या अवस्थेत चालतात, तेही फिशर-ट्रॉप्शसारख्या प्रक्रियेत २०-३० बार दाबाखाली. दाब वाढला की वायू जड होतो, मोठे बुडबुडे फुटतात, होल्डअप वाढतो. पाण्यात थोडं अल्कोहोल किंवा मीठ घातलं तरी बुडबुडे एकत्र यायला नकार देतात आणि सगळे आकडे हलतात. एकाच व्यासाचा ४ मिलिमीटरचा बुडबुडा धरून केलेलं सिम्युलेशन यातल्या कशालाच हात लावत नाही.

यावर उलट बाजूही आहे आणि ती मी लेचीपेची करून मांडत नाही. घुसळणीच्या अवस्थेत आत बघता येत नाही. पाणी दुधासारखं पांढरं होतं, पीआयव्ही आंधळी होते. म्हणून लोक स्वच्छ अवस्थेत मॉडेल तपासतात, जिथे मोजता येतं तिथे. प्रामाणिक कारण आहे. माझं म्हणणं एवढंच की मग निष्कर्षही तिथेच थांबवावा. शिवाय अपारदर्शक कॉलममध्येही काही गोष्टी मोजता येतात: ट्रेसर टाकून मिश्रणाचा वेळ, भिंतीवरच्या दाबातले चढउतार, गॅमा किरणांनी होल्डअपचा आलेख. यांना मॉडेल जुळवणं होल्डअपपेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि त्यामुळेच ते पेपरात कमी दिसतं.

तेव्हा पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा गोषवारा आणि निष्कर्ष बाजूला ठेवा आणि गुणांकांचं कोष्टक शोधा. प्रत्येक गुणांकापुढे पेन्सिलीने लिहा, हा कुठून आला: स्वतंत्र प्रयोगातून, की याच ठिप्प्यांवरून? मग बघा, एका वायूवेगाला ठरवलेले गुणांक न बदलता दुसऱ्या वेगाला, दुसऱ्या व्यासाला चालवलेत का. चालवले असतील आणि मेळ थोडा बिघडला असेल, तर तो पेपर नीट वाचा, पुन्हा वाचा. असे फार थोडे असतात. प्रत्येक वेगाला लिफ्ट किंवा व्यास नवा असेल तर ते भाकीत नाही, कर्व्ह फिटिंग आहे, फक्त महागडं.

आणि विषय निवडताना गाईड जर म्हणाले की 'डीन केसवर एक नवीन टर्ब्युलन्स मॉडेल लावू, दोन पेपर निघतील', तर ते खरंच निघतील, सर खोटं बोलत नाहीत. तुम्ही 'हो सर' म्हणा, पण पहिल्या सहा महिन्यांत सोबत आणखी एक काम लावून घ्या: त्याच मॉडेलने, एकही गुणांक न हलवता, चपट्या कॉलममधल्या झोताच्या डोलण्याचा कालावधी येतो का ते बघणं. बेकर, सोकोलिखिन आणि आयगेनबर्गर यांचा १९९४ सालचा प्रयोग यासाठी आहेच. ५० सेंटिमीटर रुंद, ८ सेंटिमीटर खोल, वायू एका बाजूने. कालावधी हा एकच आकडा आहे आणि बारावीच्या गणितातून तो येत नाही.